लोणीची मान

थोरलीनं लगामाची काटेरी कडी परीक्षकाच्या कपाशेजारी आपटली आणि म्हणाली,

"हा नियम ज्यानं केला, त्यानं जन्मात कधी घोड्याच्या पाठीवर हात फिरवला नसेल. आणि तुम्ही तो पागोपाग शिकवत फिरता. घोडी तुम्ही बिघडवलीत, तुम्ही आणि तुमच्या मंडळानं. वर तिलाच आळशी म्हणताय."

कप हलला, चहा बशीत सांडला. खोगीरं ठेवायच्या त्या खोलीत तेलाचा आणि घामट चामड्याचा वास होता. परीक्षकानं बशीतला चहा पुन्हा कपात ओतला. ओतता ओतता त्याची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली आणि लगेच परत आली. त्या खुर्चीवर थोरलीचे वडील, अण्णा, खोगीर आवळायचा तंगाचा पट्टा तेलाच्या फडक्यानं पुसत होते. त्यांचा हात थांबला होता.

धाकटा भाऊ मध्ये पडला. साहेब पाहुणे आहेत, एवढं तरी बघ, असं तो दबक्या आवाजात म्हणाला.

"पाहुण्यांनी चहा प्यावा," थोरली म्हणाली. "घोडीच्या तोंडात काटे घालू नयेत."

भांडण लोणीवरून होतं. लोणी ही त्यांच्या पागेतली रवाल घोडी. साधा घोडा दुडकत निघाला की वरचा माणूस पोत्यातल्या बटाट्यासारखा उडतो. रवाल घोडा तेवढ्याच वेगानं जातो, पण चारही पाय सुटे सुटे टाकत, घसरत गेल्यासारखा. हातात काठोकाठ भरलेला पेला असला तरी थेंब सांडत नाही. नाव त्यावरूनच पडलं होतं. लोकांना घोड्यावर बसवून रानवाटेनं टेकडीमागच्या तळ्यापर्यंत नेऊन आणायचं, हा या घराचा धंदा, आणि निम्मे लोक लोणीसाठी यायचे.

अशा घोड्यासाठी पागावाल्यांच्या मंडळाचा नियम ठरलेला होता. मान उंच, लगाम आखूड, आणि ढिल्या चालीचं एक पाऊलही नको. संथ चालायची चटक लागली की रवाल मोडते, म्हणे. त्यामुळे लोणी चढावर मान ताठ, उतारावर मान ताठ, दगडगोट्यांतही मान ताठ. पाय कुठे पडतोय ते बघायची मुभा नाही, आणि ठेचकाळली की वरून शिव्या. हे ज्यांनी ठरवलं त्यांना कुणी तरी जिन्यावरून छताकडे बघत उतरायला लावायला हवं होतं.

अलीकडे ती फार ठेचकाळायची. खोगीर दिसलं की कान मागे पाडायची. खोगिरामागे नुसतं बोट टेकवलं तरी पाठ खाली घ्यायची. परीक्षक आपल्या नेहमीच्या फेरीला आला, त्यानं लांबूनच पाहिलं आणि निकाल दिला, की घोडी सुस्तावली आहे. ही काटेरी कडी वापरा, नाहीतर माझ्या आवारात पाठवा, मी मान वर आणून देतो. त्याच्या आवारातून परत आलेल्या घोड्यांच्या माना वर असायच्या हे खरं. डोळे कसे असायचे, ते थोरलीनं पाहिलं होतं.

अण्णांनी पट्टा खाली ठेवला.

"साहेब, पुढची फेरी कधी?"

"महिन्यानं येईन."

"तोवर रानवाटेवर ही म्हणेल तसं. तुम्ही आलात की मी स्वतः बसून बघेन. रवाल मोडलेली निघाली तर घोडी तुमच्या आवारात, आणि हिनं चकार शब्द काढायचा नाही."

धाकट्यानं आ वासला. दुखऱ्या कंबरेला पट्टा बांधल्यापासून अण्णा घोड्यावर बसले नव्हते. सकाळी मोज्यांपर्यंत हात पोचवायचा तर त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागायचा.

"तुम्ही बसणार?"

"कंबर माझी आहे," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी तंग पुन्हा हातात घेतला.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. मागे साध्या घोड्यांवर चार माणसं होती, त्यांत दर आठवड्याला येणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. ओढा ओलांडून वाट सपाट झाली तशी थोरलीनं बोटं उघडली आणि लगाम सैल सोडला. लोणी जागच्या जागी थांबली. मग हळूच मान वळवून तिनं मागे पाहिलं. थोरलीकडे. पायापासून डोक्यापर्यंत.

थोरलीनं लगाम आवळला. लगेच मान वर, आणि घोडी रवाल चालीत सुरू. पुन्हा सैल सोडला. पुन्हा थांबली, पुन्हा मागे वळून पाहिलं.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा थोरलीच्या डोक्यात उजेड पडला, आणि उजेडापाठोपाठ तिडीक गेली. या पागेत लगाम सैल होई तो एकाच वेळी, वरचा माणूस पडला की. सगळ्या आयुष्यात या घोडीनं सैल लगामाचा दुसरा अर्थ पाहिलाच नव्हता. ती आपली भल्या मनानं थांबत होती, आणि कोण पडलं ते बघत होती.

मागून मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, आपण पोचलो का.

"नाही हो. घोडी माझी हजेरी घेतेय."

"मग हजर म्हणा की. आमच्या वर्गात तेवढ्यावर भागायचं."

मागचे हसले. थोरलीलाही हसू आलं, पण ती वाकली, लोणीच्या आयाळीखाली तळहात टेकवला आणि म्हणाली, "आहे गं. इथंच आहे." घोडीचा कान मागे फिरला, पुढे गेला. तिनं एक पाऊल टाकलं. मग थांबून खात्री केली. थोरलीनं पुन्हा हात टेकवला.

त्या दिवशी तळं काही गाठता आलं नाही. बाईंनी जाताना सांगितलं की मंद विद्यार्थी त्यांनी पुष्कळ पाहिले, पण ही मंद नाही, हिला फक्त कुणी प्रश्न विचारू दिलेला नाही.

तेव्हापासून रोज तेच. लगाम सैल, हात मानेवर, दोन पावलं, थांबणं, हात. दोन थांब्यांमधलं अंतर वाढू लागलं. एके सकाळी उतारावर लोणीनं मान खाली नेली, आणखी खाली, गुडघ्यापर्यंत, वाटेतल्या एका दगडाचा वास घेतला आणि त्याला वळसा घालून गेली. ठेच नाही. मग नाकपुड्यांतून तिनं असा लांब फुरफुराट काढला की पुढच्या झुडपातला पक्षी उडाला. खोगिराखाली पाठ डुलत होती. इतकी वर्षं थोरली फळीवर बसत आली होती, हे तिला त्या दिवशी कळलं.

पण मधल्या एका दिवशी तिनं सपाटीवर रवाल मागितली आणि लोणीचे पाय एकमेकांत गुंतले. धड दुडकी नाही, धड रवाल नाही. चाल तपासायला हातात धरलेल्या पेल्यातलं पाणी थोरलीच्या मांडीवर सांडलं. धाकटा कुंपणापाशी उभा होता. तो वळून निघून गेला. दुपारी त्यानं घोडे न्यायची गाडी झाडून काढली आणि खाली नवा पेंढा पसरला. त्याचंही खरं होतं. लोणीची रवाल गेली तर या पागेत यायला लोकांना कारण उरणार नव्हतं. थोरलीनं ते सगळं पाहिलं आणि ती खरारा करत राहिली, एकाच जागी, इतका वेळ की शेवटी लोणीच बाजूला सरकली.

संध्याकाळी अण्णा अंगणात आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. थोरली चहा घेऊन गेली. त्यांचे हात पोटापाशी होते, दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या, अंगठे वर. हे ती लहानपणापासून बघत आली होती. अण्णा झोपेतही लगाम धरतात, असं आई चेष्टेनं म्हणायची. आज तिला चेष्टा सुचेना. तिनं कप स्टुलावर ठेवला.

"मान किती खाली नेते?" डोळे न उघडता अण्णांनी विचारलं.

"गुडघ्यापर्यंत."

"मग?"

"मग फुरफुरते. मोठ्यानं."

 चहावर साय धरली.

"माझ्या हाताखाली ती कधी फुरफुरली नाही," ते म्हणाले.

परीक्षक आला त्या दिवशी ऊन कोवळं होतं आणि धाकट्याचा चेहरा पडलेला. अण्णांना चौथऱ्यावरून घोडीवर चढवायला दोघं भावंडं लागली. एकानं पाय उचलला, एकीनं पाठ धरली, आणि अण्णांनी दोघांना मिळून एक शिवी घातली, म्हणजे चढले. वर बसताच मात्र ते एकदम तरुण दिसायला लागले. पाठ सरळ, लगाम आखूड, उजव्या हातात काठोकाठ भरलेला पेला.

त्यांनी टाच लावली. लोणी कुंपणाच्या कडेनं निघाली. एक, एक, एक, एक असे खूर वाजत गेले, मध्ये कुठे फट नाही की घाई नाही. थोरली पायांकडे बघतच नव्हती, ती पेल्याकडे बघत होती. पेल्यातलं पाणी चमकत होतं, पण काठावरून उतरत नव्हतं.

"सपाटीवर काय, कुणीही दाखवेल," परीक्षक म्हणाला. "दगडांत नेऊन बघा. तिथं खरी उतरली तर मानू."

अण्णांनी पेला त्याच्या हातात दिला आणि घोडी रानवाटेकडे वळवली. थोरली दुसरा घोडा सोडायला धावली, तसा त्यांनी मागे न बघता हात वर केला. कुणी यायचं नाही.

मग थांबणं. परीक्षक पेला हातात धरून उभा होता. ठेवायला जागा नव्हती, आणि ओतून द्यायचं त्याला जमेना. धाकटा कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता. नेहमीचा वेळ उलटून गेला. थोरलीच्या मनात ओढ्याकाठचा निसरडा दगड येऊन गेला, आणि कंबरेचा पट्टा, आणि आपण एवढं तोंड कशाला उघडलं हेही.

वळणावरच्या झाडीतून आधी मान दिसली. गुडघ्याइतकी खाली. लगाम मानेवर सुटा पडलेला, त्याचा पट्टा एका बाजूनं लोंबत होता.

"अण्णा पडले," धाकटा म्हणाला आणि कुंपणावरून उडी टाकून पळत सुटला.

मागून लोणीचं बाकीचं अंग झाडीबाहेर आलं. वर अण्णा बसलेले होते. रिकिबीतून पाय काढलेले, मांड्यांवर हात ठेवलेले, तळवे आभाळाकडे उघडे. घोडीच्या प्रत्येक पावलासरशी त्यांची कंबर उजवीकडे, डावीकडे हलत होती. धाकटा वाटेतच थबकला. घोडी त्याला वळसा घालून पुढे आली.

परीक्षकासमोर ती आपण होऊन थांबली आणि कुंपणाखालचं गवत ओढू लागली.

"दुखतंय का?" थोरलीनं विचारलं.

"आज नाही विचारायचं," अण्णा म्हणाले. मग परीक्षकाकडे वळले. "जाताना दगडांतून रवाल नेली. तळ्यापासून लगाम सोडला. थांबली, मागे बघितलं. मी मानेवर हात ठेवला, तशी चालायला लागली. दोन्ही चाली आहेत तिच्यात, एकीनं दुसरी मोडत नाही. आता सांग, नियम काढून टाकायला मंडळाला काय लागतं?"

सांग म्हणाले. साहेब नाही, तुम्ही नाही. परीक्षकाचे कान लाल झाले. कोवळ्या वयात तो याच पागेत शेण काढायला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण साहेब झाल्यापासून कुणी त्याला तसं वागवत नव्हतं.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "नियम तुमचाच आहे. तुम्ही इथं उभं राहून मला शिकवलात. मी फक्त मंडळात मांडला."

थोरलीचा हात लोणीच्या तोंडावरच्या मोरख्यावर होता, तो तिथंच राहिला. महिन्यापूर्वी कडी आपटून आपण जे बोललो ते शब्दन् शब्द तिला आठवलं. तिनं वर पाहिलं. अण्णा तिच्याकडे बघत नव्हते, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"माहीत आहे," ते परीक्षकाला म्हणाले. "म्हणून तर तुला विचारतोय."

"बैठकीत बघू."

"बैठकीत घोडी नसते. इथं बघ. हात ठेव तिच्या पाठीवर."

परीक्षकानं पेला धाकट्याकडे दिला. जवळ येऊन त्यानं खोगिरामागे बोटं टेकवली, मग तळहात, मग जोर दिला. लोणीची पाठ खाली गेली नाही. तिनं शेपूट हलवली, मोठ्यानं फुरफुरली आणि पुन्हा गवताला तोंड लावलं. परीक्षकानं हात काढून घेतला नाही. तो तसाच उभा राहिला, मान खाली घालून, बोटांखाली काहीतरी शोधत असल्यासारखा.

"घोडी काही कुठे जात नाही," अण्णा म्हणाले, "आणि मीही उतरत नाही. हिला घाई नाही, मला नाही. नियम काढून टाकतोस की नाही? बोल."