ताईच्या ओढ्यातले किडे

ताईची लाँड्री ओढ्याच्या काठावर होती आणि त्या ओढ्याचा तिला पोटच्या पोरांइतका अभिमान. कोणी आलं की मागचं दार उघडून दाखवायची, "बघा, तळाचा दगड न् दगड दिसतो!"

धाकटी बहीण पाण्यातल्या किड्यांचा अभ्यास करायची. एवढं शिकून चिखलात हात घालते, असं ताईचं म्हणणं. सुट्टीला आली तीही जाळी आणि गमबूट घेऊन. आल्या आल्या तिने ताईचा चहाचा पांढरा ट्रे पळवला.

लाँड्रीच्या वरच्या अंगाला तिने ओढ्यातले दगड उलटे केले आणि जाळीत आलेलं सगळं ट्रेमध्ये ओतलं. ताई डोकावली आणि किंचाळलीच. तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या तुरुतुरु पळत होत्या. एकीने तर वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळी केली होती.

"शी! माझ्या ट्रेमध्ये?"

"थांब, आता खाली जाऊ."

लाँड्रीच्या खालच्या अंगाला धाग्यासारख्या लाल अळ्या तेवढ्या मिळाल्या.

"बघ!" ताईची मान ताठ. "माझ्याकडे स्वच्छता असते."

"उलट आहे गं. वरच्या अळ्या नाजूक. पाणी बिघडलं की त्या आधी जातात. या लाल कशातही तग धरतात."

"म्हणजे माझ्या नाकाखाली..."

"साबणाखाली," भावजी खिडकीतून म्हणाले. ताईने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ते मुकाट्याने इस्त्रीकडे वळले.

जेवताना ताईने धाकटीशी अबोला धरला. भाजी वाढली तीही भिंतीकडे बघत. मग हात धुऊन गुपचूप मागे गेली. सांडपाण्याच्या टाकीला तडा गेला होता आणि फेसाची बारीक धार गवतातून थेट ओढ्यात उतरत होती.

दुसऱ्या दिवशी लाँड्री बंद, गवंडी हजर. "टाकी फुटली होती, घाण ओढ्यात जात होती," ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगत होती. भावजींनी "नुसतं दुरुस्ती म्हण ना" असं सुचवलं, तर त्यांनाच विटा उचलायला लावलं.

काही महिन्यांनी धाकटीचा फोन वाजला.

"अगं, आली! खालच्या अंगाला! तीन शेपट्यांची! कशी चिकटलीय बघ!"

"फोनवर कशी बघू? आणि तू ओढ्यात काय करतेयस?"

"दगड उलटे करतेय, दुसरं काय?"

मागून भावजींचा आवाज आला, "मेहुणीबाई, दारात गिऱ्हाइकं ताटकळलीत. हिला जरा बाहेर यायला सांगा!"