स्कूटरचा होकार

घुर्रनाथ महाराज मानपाड्याच्या त्या सोसायटीतून चपला टाकून पळाले. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. सोसायटीच्या अधिकृत भूमिकेनुसार असे कोणी महाराज तिथे आलेच नव्हते.

तर, जे आलेच नव्हते ते महाराज रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये पाट मांडून बसत. समोर जुनी टू-स्ट्रोक स्कूटर. हँडलला झेंडूचा हार, हेडलाइटला कुंकू. स्कूटर गुरुदत्तांची. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं, पण महाराजांच्या मते ते फक्त देहाने गेले होते. बाकी सगळे डिकीत होते.

"विचारा शंका!" महाराज गरजत. "आत्म्याचा होकार असेल तर हुंकार येईल. नसेल तर नुसती धुगधुग!"

सेक्रेटरी ऋतुराज किक मारायचा. महाराज भगवी शाल पसरून स्कूटरला मिठी मारत आणि लांबलचक मंत्र म्हणत. मंत्र संपता संपता, कुणी अ‍ॅक्सिलरेटर न पिळता, इंजिन चढत चढत किंचाळे आणि गप्प होई. गर्दी हात जोडे. या हुंकारांवर एक लग्न ठरलं होतं आणि पाण्याच्या टाकीचा रंगही.

पहिल्या संध्याकाळी तो आवाज ऐकताच गुरुदत्तांच्या पत्नी, मंदाकिनीकाकू, खुर्चीतून उठल्या आणि चहाचं आधण ठेवायला निघाल्या. दोन पावलांवर थबकल्या.

गुरुदत्त ऑफिसातून येताना कोपऱ्यावरच पेट्रोलचा कॉक बंद करायचे. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर स्कूटर गेटपर्यंत यायची, एकदा किंचाळायची आणि बंद पडायची. ती किंचाळी म्हणजे काकूंसाठी "आलो गं". एवढ्या वर्षांच्या संसारात गुरुदत्तांनी दारावरची बेल कधी वाजवलीच नव्हती.

म्हणजे शालीखाली काय चालतं, ते काकूंना पहिल्याच दिवशी कळलं. तरी त्या बोलल्या नाहीत. वर्षभर त्यांचं दार वाजवायला एकच माणूस यायचा, सिलिंडरवाला. पाइपचा गॅस आल्यावर तोही सुटला. आता रोज कुणीतरी विचारत होतं, "काकू, खुर्ची आणू? डास चावतायत का?" आणि वर रोज तो आवाज. एवढं सगळं एका खऱ्या वाक्याने घालवायचं?

मग एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे देवराम पुढे आले.

"गुरुदत्ता, तू आपला माणूस," ते स्कूटरला म्हणाले. "इन्सुलिनची सुई बंद करू का रे? जाम कंटाळा आलाय बघ. महाराज म्हणतात, त्यांचा अंगारा पुरे."

किक बसली. शाल पसरली. मंत्र सुरू झाला. काकू ऐकत राहिल्या. आवाज चढायला लागला. आणखी एक क्षण थांबल्या असत्या, तर तो पुरता आला असता.

काकूंनी शालीखाली हात घातला आणि कॉक उघडला.

इंजिन खाली आलं. धुग, धुग, धुग.

"देवरामभाऊ, हे नाही म्हणतायत."

"माते! तू आत्म्याचा गळा दाबलास!" महाराज ओरडले.

"गळा नाही हो, पेट्रोलचा कॉक. तुम्ही बंद केलात, मी उघडला." काकूंनी डिकीतून गुरुदत्तांचा स्क्रूड्रायव्हर काढला, बाजूचं झाकण उघडलं आणि कार्बोरेटरचा छोटा स्क्रू किंचित फिरवला. इंजिन वर चढलं. उलटा फिरवला, शांत झालं. "बघा. हा होकार. हा नकार. पेट्रोल कमी नि हवा जास्त झाली की रिकामं इंजिन जोरात पळतं. कॉक बंद केला की शेवटी तेच होतं. हे दर रविवारी कान लावून हेच सेटिंग करत बसायचे. तेव्हा कुणी हार घेऊन आलं नाही."

ऋतुराज हळूच म्हणाला, "काकू, मग टाकीचा रंग?"

"तो जांभळाच राहील. भोगा."

"अहो वहिनी, पण मग मी विचारू कुणाला?" देवरामांचा चेहरा पडला.

"डॉक्टरांना. सुई घ्यायला आधी वर जा बघू."

महाराज "कलियुग, कलियुग" म्हणत रिक्षात बसले. चपला राहिल्या.

दुसऱ्या संध्याकाळी पार्किंगमध्ये कुणी आलं नाही. काकूंनी स्वतः किक मारली, कॉक बंद केला आणि वाट पाहिली. स्कूटर किंचाळली. ती का किंचाळली, हे त्यांना नीट माहीत होतं. त्याने आवाजाची गोडी कणभरही कमी झाली नाही. वर जाऊन त्यांनी चहा केला. कप एकच घेतला.

मग सोसायटीच्या फलकावर अर्ज लागला. तो अजून तिथेच आहे, लिफ्टच्या वेळापत्रकाखाली:

"मा. सेक्रेटरी यांस. सर्व सभासदांना कळवावे की यंत्राला प्रश्न विचारू नयेत, यंत्र उघडून पाहावे. कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. तसेच सविनय विनंती की, सभासदांनी रोज सायंकाळी पूर्वीप्रमाणेच पार्किंगमध्ये जमावे, मात्र चमत्कार वा अन्य कोणतेही कारण नसताना. खुर्च्या आपापल्या आणाव्यात. चहा अर्जदार देईल. कळावे."