शिस्तीची नजर

नेमबाजीच्या त्या लांबलचक हॉलमध्ये एरवी दहा माणसं जमली तरी तिथे नेमबाजी शिकवणारे उस्ताद म्हणायचे, हा बाजार नाही. त्या दिवशी मात्र अगदी बाजारच भरला होता. नेमबाज, नेमबाजांचे आईबाप, त्या आईबापांचे शेजारी, आणि बंदूक सोडाच, ज्यांनी जन्मात साधी गलोलही धरली नव्हती अशी मंडळी खुर्च्यांवर चढून माना उंचावत होती. कारण मधोमध काळा चष्मा लावून अचूकबाबा बसले होते. चष्मा काढला तर त्यांच्या दृष्टीचं तेज समोरच्याला सोसवत नाही म्हणे. त्यांना जवळचं धड दिसत नसावं, अशी शंका एकट्या भिंगरीला होती. पण भिंगरीला हॉलमध्ये यायची बंदी असल्यामुळे ती बाहेर, खिडकीखालच्या पिंपावर उभी होती.

भिंगरी म्हणजे ताईची धाकटी बहीण. नववीतली, एका जागी पाच मिनिटं न टिकणारी, म्हणून हे नाव. आणि ताई म्हणजे या केंद्राची सगळ्यात भरवशाची नेमबाज. झोपून रायफल खांद्याला लावली की तिच्या गोळ्या कार्डाच्या काळ्या ठिपक्याला सोडायच्या नाहीत. पण संघाची निवड तोंडावर आली आणि तिच्या गोळ्या अचानक खाली उजवीकडे जायला लागल्या. उस्तादांनी रायफलचे सगळे स्क्रू तपासले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ताईचे डोळे तपासले. दोन्ही ठणठणीत.

मग घरातल्या आत्याने अक्कल लढवली. हे सुरू झालं त्या दिवशी काडतुसांचा डबा स्टोअरमधून आणला कुणी? भिंगरीने. संपलं. एवढा सज्जड पुरावा मिळाल्यावर आत्याने अचूकबाबांना गाठलं आणि बाबांनी घरी येऊन निदान केलं: धाकटीची नजर. उपाय: दोन बहिणी एका छपराखाली नकोत. भिंगरीची रवानगी मामाच्या गावच्या शाळेत. आत्याने तिची बॅगसुद्धा भरून दाराशी ठेवली होती. आज बाबांनी सगळ्यांसमोर प्रचीती दिली की निघायचं. बॅगेचं भिंगरीला फारसं काही वाटलं नव्हतं. ताई मात्र आठवडाभर तिच्याकडे मान वर करून बघत नव्हती, ते तिला सहन होत नव्हतं.

"गोळी कोण झाडतं?" बाबांनी गर्दीला विचारलं. "बोट? नाही. बंदूक? नाही. गोळीला वाट दाखवते शुद्ध दृष्टी. मलिन दृष्टी पडली, की वाट वाकते."

हवेत वाट वाकते म्हणजे नक्की कशी, असं मागून कुणीतरी विचारलं. सूक्ष्म रीतीने, बाबा म्हणाले. सूक्ष्म हा शब्द फार गुणी. तो उच्चारला की पुढचा प्रश्न आपोआप गिळला जातो.

आधी ताईने केंद्राच्या डब्यातल्या काडतुसांनी पाच गोळ्या झाडल्या. पाचही खाली उजवीकडे. लोक हळहळले. मग बाबांनी रायफलवरून हात फिरवला, डास गुणगुणल्यासारखं काहीतरी पुटपुटले आणि झोळीतून चांदीची डबी काढली. तिच्यात त्यांनी स्वतः सिद्ध केलेली काडतुसं होती. ताईने त्यातली पाच झाडली. पाचही काळ्या ठिपक्यात. टाळ्यांनी छप्पर दणाणलं, आत्याने डोळे पुसले, आणि आपापल्या बंदुका शुद्ध करून घ्यायला मंडळी बाबांसोबत अंगणात रांग लावायला धावली. ज्यांच्याकडे बंदूक नव्हती तेही धावले.

हॉल रिकामा झाल्याबरोबर भिंगरी आत शिरली. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायचा तिचा जुना नाद होता. ती ओणवी होऊन वेचू लागली आणि थबकली. काही पुंगळ्यांच्या बुडावर चांदणी कोरलेली होती, काहींच्या बुडावर पान. घरी तिच्या खोक्यात गेल्या वर्षभरातल्या पुंगळ्या होत्या. त्या सगळ्या चांदणीच्या. पान तिने कधी पाहिलं नव्हतं.

रांगेत न गेलेला एकच माणूस हॉलमध्ये उरला होता. उस्ताद. ते पहिलं कार्ड हातात घेऊन खिन्न बसले होते.

"उस्ताद, ताईचा हात हलत असता तर?"

"तर भोकं कार्डभर पसरली असती. धान्य सांडल्यासारखी."

"ही तर एकमेकींना चिकटलीयेत. म्हणजे माझी नजर पाचही वेळा तंतोतंत तेवढीच वाकडी लागली? मला वहीत सरळ समास आखता येत नाही, उस्ताद."

उस्तादांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. पाच भोकांचा घट्ट पुंजका होता. ताईचा नेम बिघडलाच नव्हता, नुसती जागा सरकली होती. भिंगरीने तळहात पुढे केला. एकीकडे चांदण्या, एकीकडे पानं. उस्तादांनी एकेक पुंगळी उलटून तिचं बूड पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला आणि म्हणाले, चल अंगणात.

अंगणात भिंगरीने बाबांपुढे इतक्या नम्रपणे मान झुकवली की आत्या गहिवरली. भिंगरी म्हणाली, जाण्याआधी माझी एक परीक्षा घ्या. केंद्राच्या डब्यातली काडतुसं तुम्ही तुमच्या हाताने सिद्ध करा. आणि तुमच्या डबीतली मी माझ्या मुठीत धरते, त्यांच्याकडे टक लावून बघते, पार नासवून टाकते. मग ताईला दोन्ही झाडू द्या.

बाबांची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर तेज कमी. पोरीच्या नजरेने काही होत नाही म्हणावं, तर मग इतके दिवस काय सांगत होते? रांगेतला एक रिकामटेकडा म्हणाला, होऊन जाऊ दे बाबा, तुम्हाला काय अवघड आहे. लोक हसत पुन्हा हॉलमध्ये शिरले.

बाबांनी डब्यावर हात फिरवला, पुटपुटले, घामेजले. भिंगरीने डबीतली काडतुसं मुठीत घेऊन डोळे इतके वटारले की पुढच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. ताईला मात्र काडतुसं देताना उस्तादांनी कोणती कोणाची ते सांगितलं नाही.

बाबांनी पावन केलेल्या पाचही गोळ्या खाली उजवीकडे गेल्या. भिंगरीने नासवलेल्या पाचही थेट काळ्या ठिपक्यात.

पावन केलेल्या पुंगळ्यांच्या बुडावर पान होतं आणि नासवलेल्यांच्या बुडावर चांदणी. उस्तादांनी दोन्ही उचलून दाखवल्या आणि स्टोअरवाल्या काकांना पुढे बोलावलं. काका आधी छताकडे बघत राहिले, मग भडाभडा बोलले. जुन्या कंपनीचा माल यायचा थांबला, म्हणून त्यांनी दुसऱ्या कंपनीचा आणून त्याच जुन्या डब्यात ओतला. कशाला कुणाला सांगायचं, काडतूस ते काडतूस. नेम सरकल्याचा बोभाटा झाला तेव्हा कारण त्यांच्या लक्षात आलं होतं. पण तोवर उरलीसुरली जुनी काडतुसं साडूंनी मागून नेली होती.

"कोण साडू?" उस्तादांनी विचारलं.

काकांनी मुकाट्याने काळ्या चष्म्याकडे बोट दाखवलं.

मग उस्तादांनी सगळ्यांना समजावलं. गोळी सुटताना नळी छेडलेल्या तारेसारखी थरथरते. काडतूस बदललं की आतली दारू बदलते, गोळीचं वजन बदलतं, वेग बदलतो. थरथरीच्या कोणत्या क्षणी गोळी बाहेर पडते तेही बदलतं. म्हणून ती दुसरीकडे लागते, पण दर वेळी त्याच दुसरीकडे. नेम धरायची साइट जुन्या काडतुसांवर बसवलेली होती, इतकंच. त्यांनी साइटचे बारीक खटके थोडे वर, थोडे डावीकडे फिरवले. ताईने पानाची पाच काडतुसं झाडली. पाचही काळ्या ठिपक्यात. ना पुटपुट, ना झोळी.

इथे अविश्वासाची ऊर्जा फार आहे, असं म्हणत बाबा उठले आणि समोरच्या चटईला अडखळून पडले. जवळचं खरंच दिसत नव्हतं.

या सगळ्यात आत्याचं एक बरोबर होतं: डबा भिंगरीनेच आणला होता. पण अख्खं गणगोत आणणारीला उभंआडवं तपासत बसलं, डब्यात कुणी डोकावलं नाही. आपलं नेहमी हेच होतं. दुधाचं, परीक्षेचं, धंद्याचं, कशाचंही बिघडलं की आधी विचारतो, कोण आलं होतं, कुणाचं तोंड पाहिलं होतं. त्याऐवजी काय बदललं ते विचारावं. एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा करून बघावं. त्याला चांदीची डबी लागत नाही आणि कुणाची पोर घराबाहेर काढावी लागत नाही.

घरी जाऊन आत्याने बॅग उपसली आणि कपडे जरा जास्तच नीट घड्या घालून कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सरावाला ताई चटईवर झोपली, रायफल खांद्याला लावली आणि मान वर करून बहिणीकडे बघितलं.

"भिंगरे, डबा तूच आण," ती म्हणाली. "आणि आत बघून आण."