पाच जणींचे पास माझ्याकडे

माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि पाठीवरचा रंगही उडाला आहे. तरी मित्रांनो, हा जुना मोबाइल विमानात बसून आला आहे बरं का! ती हकिगत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एका मोठ्या कारखान्यात हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे इवले इवले भाग जोडले आणि मला डब्यात बंद केले. डबा उघडला तो थेट भिलाईच्या नेहरू नगरातल्या दुकानात. सईने पहिल्या पगारातून मला घेतले. केवढे मिरवले तिने मला! जेवतानाही ती मला शेजारी ठेवायची. मग तिच्याकडे नवा मोबाइल आला आणि मी टेबलाच्या खणात गेलो. तिथे सोबतीला संपलेले सेल आणि एक मोडका चष्मा. कोणी हाक मारीत नव्हते.

एकदा सईच्या आईचा, सुहासिनीबाईंचा, बटणांचा मोबाइल बिघडला आणि मी बाहेर आलो.

सुहासिनीबाई स्टील प्लांटच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या. तरुणपणी त्या प्लांटच्या महिला बास्केटबॉल संघाच्या कॅप्टन होत्या. अजूनही रोज सकाळी रिसालीच्या मैदानावर चार जुन्या मैत्रिणींबरोबर खेळतात. मला बाकावर बाटलीला टेकवून त्या खेळाचे चित्रण करायच्या. गुडघे कुरकुरायचे, पण चेंडू जाळीत पडला की अशा ओरडायच्या, की माझा आवाज त्यापुढे फिका पडावा!

यंदा हैदराबादला साठीपुढच्या खेळाडूंची स्पर्धा ठरली. आयोजकांनी विमानाची तिकिटे काढली. या पाचही जणी आजवर रेल्वेनेच हिंडलेल्या. विमान पाहिलेले ते मान वर करून.

"आई, तिकिटाचा कागद कावून शोधून राहिली?" सई हसली. "विमानवाल्यांनी कागद बंदच करत आणला आहे. पास मोबाइलमध्ये येते. हा काळापांढरा चौकोन मशीनले दाखवायचा, बस."

"कागद नाही? मंग हातात काय धरू?"

"यालेच धर," म्हणत सईने मला त्यांच्या हातात दिले.

संघातली सगळ्यात उंच खेळाडू ममता लगेच म्हणाली, "सुहासताई, आमचे पासबी तुमच्याजवळच ठेवा. मले मोबाइलचं काही समजत नाही." बाकीच्या तिघींनीही माना डोलावल्या. अशा रीतीने पाच जणींचे पास माझ्या पोटात आले. मित्रांनो, मला एवढे महत्त्व कधी आले नव्हते!

रायपूरच्या विमानतळावर दारातल्या जवानाने ओळखपत्रे पाहिली, माझ्यातले पास पाहिले आणि "जाइए, माताजी" म्हणत हात केला. ममता तर टाळ्याच पिटू लागली. आत गेल्यावर फोटोंना ऊत आला. काचेपलीकडच्या विमानाबरोबर फोटो, फिरत्या जिन्यावर फोटो, मग सईला व्हिडिओ कॉल. माझी बॅटरी जुनी, भराभर उतरत होती. मी लाल खूण दाखवली, पण त्या आनंदात माझ्याकडे बघणार कोण?

विमानात बसायची हाक आली. रांग सरकू लागली.

"तुम्ही अगोदर व्हा. कॅप्टन शेवटी," सुहासिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी मला यंत्राच्या काचेवर धरले. हिरवा दिवा! ममता पलीकडे. पुन्हा हिरवा, पुन्हा हिरवा. चौथी मैत्रीण पलीकडे गेली, आणि सुहासिनीबाईंचा पास उघडता उघडता माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला.

त्यापुढे मी फक्त ऐकत होतो.

"मॅडम, मोबाइल सुरू करा, मागे रांग थांबली आहे," दारावरची मुलगी हिंदीत म्हणाली.

"चार्जर मोठ्या बॅगेत गेलं वो!" सुहासिनीबाई म्हणाल्या.

"ताई आल्याशिवाय आमी विमानात बसत नाही!" पलीकडून ममता ओरडली.

मग मैदानावर असतात तशा दोन खणखणीत टाळ्या वाजल्या आणि सुहासिनीबाईंनी अख्ख्या दालनाला हाक दिली, "कोणाजवळ याचं चार्जर आहे काय? आमाले मॅच खेळाले जायचं आहे!"

धावत येणाऱ्या चपला मला ऐकू आल्या. तिघे-चौघे एकदमच आले असावेत. कोणीतरी माझ्यात वायर खोचली. हळूहळू ऊब आली, जीव आला. मी डोळा उघडला तेव्हा रांगेतले सगळे माझ्यावर वाकले होते! "अरे, सुरू झाला!" कोणीतरी म्हणाले. घाईने पास उघडला, मी काचेवर टेकलो आणि हिरवा दिवा लागला. अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. वायर देणाऱ्या बाई म्हणाल्या, "जीतके आना, दीदी."

विमान उडाले तेव्हा सुहासिनीबाईंनी मला खिडकीला लावले. खाली शेते, तळी, मग नुसते पांढरे ढग. शेजारी ममता डोळे घट्ट मिटून बसली होती आणि "दिसते काय? दिसते काय?" विचारत होती.

हैदराबादला त्या पहिला सामना हरल्या, दुसरा जिंकल्या आणि शेवटी तिसऱ्या आल्या. पदकांचे फोटो मी काढले, थोडे हलले आहेत, पण चेहरे छान आले आहेत.

परत आल्यावर सई नवा मोबाइल घ्यायला निघाली होती. सुहासिनीबाई म्हणाल्या, "याले काय झालं? बॅटरी बदलून आण." बॅटरी बदलली. मग सकाळी खेळ झाल्यावर त्यांनी चौघींना मैदानाच्या बाकावर बसवून घेतले. "पुढच्या टायमाले आपापला पास आपणच काढायचा. मी शिकवतो," म्हणाल्या. ममताने दहादा चुकीचे बटण दाबले. सुहासिनीबाई एकदाही रागावल्या नाहीत.

मित्रांनो, आम्हा मोबाइलांची बॅटरी वेळेवर बदला, काच पुसून ठेवा, आम्ही पुष्कळ वर्षे साथ देऊ. पण त्याहून मोठी विनंती ही, की घरातल्या आजी-आजोबांना हे सगळे घाई न करता शिकवा. दहादा विचारले तर दहादा सांगा. अकराव्यांदा ममताचे बोट बरोबर जागी पडले, तिच्या मोबाइलवर सईने सरावासाठी पाठवलेला तिच्या नावाचा नमुन्याचा पास उघडला, आणि ती बाकावरून उठून मैदानभर तो सगळ्यांना दाखवत सुटली!