सोमवारी मशीन लावू नको

“ह्या प्लगला अर्थिंग कुणी दिलं?”

धर्मराजनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता टेबलाखाली डोकं घातलं. जालन्यात मस्तगडातल्या भुजंगच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शनिवारची दुपारची बॅच बसली होती. पोरापोरींनी एकमेकांकडं बघून हसू दाबलं. धर्मराजसर आले की आता बराच वेळ कुणी काही शिकवणार नाही, हे त्यांना ठाऊक झालं होतं.

“कुणी म्हंजे? वायरमननं दिलं,” भुजंग म्हणाला.

“न्हाई दिलेलं. वायर नुस्ती लोंबून राह्यली इथं. तुला बोर्ड जाळायचाय का पोरं चिकटवायची?”

“करून घेतो. बराबर करून घेतो. तू बाहेर निघ आधी.”

धर्मराज बाहेर निघाला, गुडघे झटकले आणि अर्थिंगवरून व्होल्टेजवर, व्होल्टेजवरून गल्लीतल्या दुकानात जोडून मिळणाऱ्या मशीनवर आणि तिथून विंडोजवर आला. हा त्याचा नेहमीचा रस्ता होता.

दोघं एकाच गावचे, घनसावंगीच्या पुढचे. जालन्याला कॉलेजात असताना एका खोलीत राहिले, एका स्टोव्हवर भात शिजवला. भुजंगला कशाबद्दल फार मत नसायचं. समोर येईल ते तो हसत करायचा. धर्मराजला मात्र प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं, आणि अठ्ठ्याऐंशी साली औरंगाबादेत काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं पाहिल्यापासून ती सगळी मतं एकाच विषयावर येऊन जमली होती. नव्या जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसातले कॉम्प्युटर तो सांभाळायचा. डॉस त्याला आवडायचं, कारण ते सांगितलं तेवढंच करतं. विंडोजचं नाव काढलं की तो म्हणायचा, “खिडक्या लै, पन कडी एकीलाबी न्हाई.” आणि हे वाक्य पहिल्यांदाच सुचल्यासारखा खूश व्हायचा. दिल्लीच्या एका मासिकाबरोबर आलेली, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी त्यानं कितीतरी रविवार घालवून घरच्या मशीनवर चढवली होती. त्यावर आवाज येत नव्हता, प्रिंटर चालत नव्हता. “पाया पक्का आहे,” तो बायकोला सांगायचा. “पायाच बघत बसायचं का?” पुष्पा म्हणायची. “ऱ्हायला कधी जायचं?”

बाहेरून आलेली फ्लॉपी तो आपल्या मशीनला कधीच लावत नसे. ऑफिसचे साहेब मुलाचा अभ्यास फ्लॉपीवर घेऊन आले होते, त्यांनाही त्यानं परत पाठवलं होतं. साहेब चिडले, पण ऑफिसातल्या मशीनला आजवर एकही व्हायरस शिवला नव्हता हे खरं होतं.

त्या शनिवारी मात्र तो नुसतं बोलायला आला नव्हता. दुपारीच मासिकात त्यानं वाचलं होतं. कॉपी केलेल्या सीडींवरून एक व्हायरस गावोगाव पसरलेला आहे. तो मशीनमध्ये गप पडून राहतो आणि सव्वीस एप्रिलला जागा होतो. हार्ड डिस्क पुसतो, बोर्डावरची चिप सुद्धा मारतो. सव्वीस एप्रिल म्हणजे परवाचा सोमवार. भुजंगच्या साऱ्या मशीन औरंगाबादहून आणलेल्या एकाच कॉपी सीडीवरून भरलेल्या होत्या. वाचता वाचता धर्मराजनं चहा तसाच ठेवला होता आणि स्कूटरला किक मारली होती.

पण दारातून आत आला आणि त्याला आधी तो प्लग दिसला.

“सर,” बेबीनंदा मध्येच म्हणाली. ती क्लासमध्ये शिकवायची. घनसावंगीची मुलगी, मराठी टायपिंगमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. “प्रिंटर तेवढा बघता का? कागद ओढूनच न्हाई राह्यला. आबांची गाणी काढायची होती.”

आबा म्हणजे तिचे वडील, पुंजाराम गुरुजी. शाळेत मास्तरकी करून उरलेलं आयुष्य त्यांनी आंबेडकरी जलशात घातलं होतं. भीमजयंतीला आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं असायचं. गाणी त्यांची स्वतःची, आणि सगळी तोंडपाठ. कागदावर एकही नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ते दर रविवारी बसनं जालन्याला येत, क्लासमधल्या कोपऱ्यातल्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसत आणि म्हणून दाखवत. लेक टाइप करत जाई. मध्येच ते थांबत, “न्हाई न्हाई, तिथं ‘उजेड’ न्हाई, ‘तांबडं’ लिही,” म्हणत. फेब्रुवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात थोडा हलू लागला, वाचा मात्र गेली.

“प्रिंटरचं मंग बघू,” धर्मराज म्हणाला. “आधी मुळाचं ऐका. ह्या मशीनच्या पोटात काय हाय ते म्हाईत हाय का तुम्हाला?”

“मंग फ्लॉपीवर घेऊन देऊ का? तुमच्या हापिसात प्रिंटर हाय. साधी फाइल हाय, सर.”

“इथली फ्लॉपी माझ्या मशीनला? बिलकुल न्हाई.”

साध्या मजकुराच्या फाइलमधून हा व्हायरस जात नाही, हे त्याला ठाऊक होतं. मासिकातही तसंच लिहिलं होतं. पण नियम म्हणजे नियम, आणि समोर अख्खी बॅच ऐकत होती. तो पुन्हा चोरीच्या सीडींकडं वळला. फुकट मिळतं म्हणून लोक काहीही मशीनमध्ये घालतात, ह्या क्लासमधून शिकून निघालेली पोरं पुढं हेच करणार, शिकवणाऱ्यालाच कळत नसेल तर कुणाला दोष द्यायचा, असं बोलत गेला. मागच्या बाकावरचा कुणीतरी फिसकन हसला.

भुजंग सहसा रागावत नसे. पण परीक्षा तोंडावर आली होती आणि पोरं त्याच्या तोंडाकडं पाहत होती.

“धर्मा, तू आला की माझी अख्खी बॅच वाया जाती,” तो म्हणाला. “तुला बोलायला कुनी पाह्यजे म्हनून मी क्लास न्हाई काढेल.”

धर्मराजचा चेहरा उतरला. त्यानं खिशातला पेन काढला, परत ठेवला.

“ठीक हाय,” तो म्हणाला. “सोमवारी बघशील.”

आणि निघून गेला.

रविवारी सकाळी तो अंगणात स्कूटर पुसत बसला. स्कूटर चकचकीत झाली तरी पुसत होता. पुष्पानं दारातूनच विचारलं, “काल काय झालं भुजंगभाऊंकडं?”

त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मंग त्यान्ला सांगितलं का तुम्ही, की सोमवारी मशीन लावू नको म्हनून?”

“सांगितलं नं. तेच तर सांगून राह्यलो होतो.”

“ह्याच शब्दात?”

धर्मराजनं फडकं पिळलं. अर्थिंगचं सांगितलं होतं, चोरीच्या सीडीचं सांगितलं होतं, कडी नसलेल्या खिडक्यांचं तर सांगितलंच होतं. ते एक वाक्य तेवढं कुठंच नव्हतं.

“त्याला समजतं सगळं,” तो म्हणाला.

“शेजारून फोन करा. एका मिनटाचं काम.”

“कामून करू? चार पोरांपुढं मला असं बोलला. त्याला गरज असंल तर करंल तो.”

पुष्पा आत गेली. संध्याकाळी धर्मराज चपला घालून शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेला. आत टीव्ही चालू होता, घरात पाहुणे दिसले. तो परत आला. उद्या ऑफिसात गेल्यावर करू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. क्लासची पहिली बॅच ऑफिस उघडायच्या कितीतरी आधी बसते, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

सोमवारी त्यानं ऑफिसात पाऊल टाकल्या टाकल्या फोन उचलला. पलीकडून बेबीनंदा बोलली.

“सर, बरं झालं तुम्ही केला. मशीन चालूच होऊन न्हाई राह्यल्या. सकाळी एक बंद पडली, मंग दुसरी. पोरं म्हनले लाइटचा प्रॉब्लेम असंल, म्हनून सगळ्या लावून पाह्यल्या. एकबी न्हाई.”

“कोपऱ्यातली?”

“तीबी, सर.”

तो साहेबांना न सांगताच निघाला. क्लासमध्ये पंखा फिरत होता आणि सगळे पडदे काळे होते. पोरं घरी गेली होती. भुजंग स्टुलावर बसला होता. त्यानं धर्मराजकडं पाहिलं आणि जरा सरकून जागा केली.

“तू म्हनला होता,” तो म्हणाला. “सोमवारी बघशील म्हनून. मला वाटलं रागानं बोलून राह्यला.”

धर्मराजला तिथं बसवेना. भुजंगनं शिवी दिली असती, बाहेर हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

“गाणी येतील नं, सर?” बेबीनंदानं विचारलं. “डिस्कमधून काढता येतं म्हनतेत.”

“पाहू,” धर्मराज म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच मशीनबद्दलच्या प्रश्नाला त्यानं एका शब्दात उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. देशभर हजारो कॉम्प्युटर मेले होते. साहेबांनी केबिनमधून बाहेर येऊन सगळ्यांसमोर धर्मराजशी हात मिळवला. “आपल्याकडं एकही मशीन गेलं नाही. ह्या माणसाला म्हणतात दूरदृष्टी.” स्टेशन रोडवरचे व्यापारी त्याला थांबवून विचारू लागले, कोणतं मशीन घ्यावं, व्हायरसला औषध कोणतं. इतकी वर्षं ज्यांनी त्याचं बोलणं टाळलं, ते चहा पाजून ऐकायला तयार होते. धर्मराज “बघा, तुम्हाला पटंल ते घ्या,” म्हणायचा आणि स्कूटर सुरू करायचा.

कोपऱ्यातल्या मशीनची डिस्क त्यानं घरी आणली होती. रोज सकाळी ऑफिसच्या आधी तो तिच्यासमोर बसायचा. डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला गेला होता, पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. लिनक्समधून एकेक तुकडा वाचता येत होता. ज्या पायाचं त्याला कौतुक होतं, तो खरोखरच कामी येत होता. तुकडे हाती लागत गेले. कुठल्या तरी गेममधल्या गाडीचं चित्र. विद्यार्थ्यांनी सरावासाठी टाइप केलेले अर्ज. ‘माननीय महोदय, मी आजारी असल्यामुळे शाळेत येऊ शकलो नाही.’ तेच वाक्य पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या नावांनी. गाण्यांतलं काही दिसतं का म्हणून तो एकेक ओळ डोळे ताणून बघायचा. एकदा ‘तांबडं’ एवढाच शब्द सापडला. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. त्या दिवशी तो ऑफिसला गेला नाही.

पुष्पानं चहा आणून ठेवला. ती टोचून बोलली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं.

भुजंगनं दोनेक मशीन औरंगाबादेत दुरुस्त करून आणल्या, पण ऐन परीक्षेच्या वेळी पांगलेली पोरं दुसऱ्या क्लासला गेली ती परतली नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं खोली सोडली आणि गावाकडं जाऊन खताचं दुकान टाकलं. सामान टेम्पोत चढवायला धर्मराज गेला होता. दोघांनी मिळून टेबलं उचलली. “ये मंग तिकडं,” भुजंग म्हणाला. “येतो,” धर्मराज म्हणाला. दोघांनाही ठाऊक होतं, आता फार येणंजाणं व्हायचं नाही.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी धर्मराज जीपमध्ये बसून घनसावंगीला गेला. बेबीनंदाचं घर विचारत विचारत सापडलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पेटी कापडात गुंडाळून ठेवलेली. पुंजाराम गुरुजी बाजेवर टेकून बसले होते. त्यांनी डावा हात उचलून जयभीम केला. बेबीनंदाच्या आईनं, मालनबाईंनी, घोंगडी अंथरली.

बेबीनंदानं त्याला ओट्यावर नेलं.

“गाणी गेली म्हनून आबांना सांगितलं न्हाई मी,” ती हळू आवाजात म्हणाली. “प्रिंटर बिघडेल हाय, एवढंच म्हनलं. ते रोज खुनेनं विचारतेत.”

“बेबीताई, त्या दिवशी मी फ्लॉपी घेतली असती तर...”

ती उंबऱ्याकडं बघत राहिली. “हो,” ती म्हणाली.

“तुम्हाला गाणी किती आठवतेत?”

“मी टाइप करत होते, सर. टाइप करताना माणूस अक्षर बघतं. धृपद येतेत दोनतीन. बाकी न्हाई.”

ते आत आले. धर्मराज बाजेपाशी बसला आणि त्यानं पिशवीतून कोरे कागद आणि पेन काढला. ते पाहून म्हाताऱ्याचे डोळे बदलले. ते ताठ बसायला धडपडले. मालनबाईंनी पाठीशी उशी लावली. राहिलेली गाणी उतरवून घ्यायला जालन्याहून माणूस आला आहे, असं त्यांना वाटलं असावं.

त्यांनी डाव्या हातानं बाजेच्या लाकडावर ठेका धरला आणि गायला सुरुवात केली.

चाल जशीच्या तशी होती. कुठं वर जायचं, कुठं थांबायचं, कुठं ठेका मोडून पुन्हा पकडायचा, सगळं शाबूत होतं. फक्त शब्द नव्हते. वाकड्या झालेल्या ओठांतून एकच लांबट स्वर येत होता, गाण्याच्या सगळ्या वळणांवरून फिरत होता, आणि डोळे मात्र एकेक शब्द म्हणत असल्यासारखे धर्मराजवर रोखलेले होते. धर्मराज पेन धरून बसला. मालनबाई पदर तोंडाला लावून चुलीकडं वळल्या.

गाणं संपलं. गुरुजींना दम लागला होता. त्यांनी कागदाकडं बोट केलं आणि भुवया उंचावल्या. लिहिलं का?

धर्मराजनं मान डोलावली.

“लिहिलं, गुरुजी.”

म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. त्यांनी खुणेनं पाणी मागितलं. बेबीनंदानं तांब्या तोंडाला लावला. दोन घोट घेऊन त्यांनी हातानंच ‘पुढचं घे’ असं सांगितलं, आणि बाजेच्या लाकडावर दुसऱ्या गाण्याचा ठेका धरला.