डाव्या पायाचं माप

मी बोलतेय, शिवणकामाची टेप. पिवळी, साठ इंचांची, मागच्या बाजूला सेंटिमीटर. चढवून किंवा उतरवून सांगणं मला जमत नाही. असेल तेवढंच मी दाखवते. आणि एकदा, अगदी बरोबर आकडा दाखवूनही, मी काही उपयोगाची ठरले नाही. ते सांगायचंय.

औरंगपुऱ्यातल्या शिलाईच्या सामानाच्या दुकानात मी बॉबिनच्या डब्याशेजारी पडून होते. करुणाताईंनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. "ही बरीय, वाढत नाय," म्हणाल्या आणि पिशवीत टाकलं. बिडकीनला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन होतं. मी दिवसभर त्यांच्या गळ्यात. माप देताना बायका पोट आत ओढायच्या, गणवेशाला आलेली पोरं टाचा उचलायची. ताई हसून म्हणायच्या, "नीट उभं राहा, मला खरं माप पायजे."

दोन वर्षांपूर्वी त्यांची धाकटी बहीण मेघा बाळंतपणाला आली. आई मनकर्णाबाई ताईंकडेच राहायच्या, म्हणून तेच तिचं माहेर. सिझर झालं, मुलगी झाली. नामकरणाच्या दोन दिवस आधी मेघा म्हणाली, "ताई, मला पांढरा चुडीदार शिव. बुद्धवंदनेला सगळे पांढऱ्यातच असतील."

कंबर झाली, मांडी झाली, गुडघा झाला. मग पोटरी. उजवी साडेतेरा इंच. डावी पंधरा.

"टेप सरकली वाटतं," ताई म्हणाल्या. मला सोडून त्यांनी पुन्हा गुंडाळलं. पंधराच.

"मेघे, हा पाय सुजलाय का गं?"

"जड लागतोय कालपासून. ठणकतोय बी. पोटरीत गोळा आल्यावाणी."

आतून मनकर्णाबाई म्हणाल्या, "बाळंतिणीला सूज येतीच. मी तेल लावून चोळून देते, उतरंल."

मी त्या पोटरीभोवती होते. तो पाय दुसऱ्यापेक्षा गरम होता. हे मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. ताईंनी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि चुडीदाराचा डावा पाय जरा सैल कापला. शिवणारीनं करावं तेच त्यांनी केलं.

नामकरणाच्या सकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मेघा नवा चुडीदार घालून आली, "चहात किती साखर घातलीस गं," म्हणून हसली, मुलीला उचलायला वाकली आणि म्हणाली, "ताई, दम लागतोय."

एवढंच. ती भिंतीला धरून खाली बसली. ओठ निळे पडले. कुणीतरी रिक्षा आणली. ताई तशाच निघाल्या, मी गळ्यातच. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा मेघा राहिली नव्हती. सव्वीस वर्षांची बाई! घरी ओट्यावर तिचा कप अर्धा भरलेला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठला पाय सुजला होता का?"

"डावा," ताई म्हणाल्या. "दीड इंच."

डॉक्टरांनी चटकन वर पाहिलं. "दीड इंच? मोजला कुणी?"

ताईंचा हात माझ्यावर आला आणि तिथंच थांबला.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असणार. ती सुटून फुफ्फुसात अडकते. बाळंतपणानंतर दीड महिना हा धोका जास्त असतो."

"आधी आणलं असतं तर?"

"औषधं आहेत," ते म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली.

त्या दिवसापासून मशीनवर चादर पडली. मी पत्र्याच्या डब्यात, अंधारात. बाहेरून लहानगीचं रडणं ऐकू यायचं. मनकर्णाबाई मधूनच म्हणायच्या, "ह्याच हातानं चोळला गं मी."

आठ महिन्यांनी त्या दवाखान्यातल्या नर्स, मोनिका, घर शोधत आल्या. "रविवारी आम्ही औरंगपुऱ्यात बसतो. गाठीतून वाचलेली माणसं, आणि ज्यांचं माणूस गेलं ती. बोलायलाच पायजे असं नाय. नुसतं या." तिसऱ्यांदा बोलावल्यावर ताई गेल्या. वहीचं ते पान आणि मी, दोघी पर्समध्ये.

मेडिकलच्या दुकानावरची खोली होती ती. बन्सी नावाचे शेंद्र्याच्या कंपनीतले फिटर बोलत होते. अपघातानंतर त्यांच्या पायात गाठ झाली होती, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. "पायात जरा चमक आली का वाटतं, झालं, आता आपण जातो. घरी सांगत नाय. इथं सांगतो."

ताईंनी मला टेबलावर ठेवलं. "हिनं सांगितलं होतं. मला कळलं नाय."

मग बन्सीभाऊ म्हणाले, "मला दवाखान्यातून सोडताना बी कुणी सांगितलं नव्हतं, ताई. तुम्हाला घरबसल्या कोण सांगणार होतं?" आणि त्यांनी दोन्ही पाय पुढं केले. "घ्या. मोजा."

त्या दिवशी इतक्या महिन्यांनी ताईंनी माझ्यानं माप घेतलं. मोनिकाताईंनी शिकवलं: गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली मोजायचं. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर लगेच डॉक्टर. फरक नसला तरी गाठ नाहीच असं समजायचं नाही. दुखरा पाय चोळायचा नाही. दम लागला, छातीत दुखलं, तर सरळ मोठा दवाखाना.

मागच्या उन्हाळ्यात बन्सीभाऊंचा फोन आला. त्यांच्या शेजारच्या कडूबाईंचा घोटा मोडला होता, प्लॅस्टर नुकतंच काढलं होतं, आणि पाय फुगला होता. ताई गेल्या. उजवी पोटरी एकोणचाळीस सेंटिमीटर, डावी पस्तीस. ताईंनी कडूबाईंना लगेच रिक्षात बसवलं.

दवाखान्यात डॉक्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "प्लॅस्टर काढल्यावर सूज असतेच. आठ दिवसांनी या."

"साहेब, चार सेंटिमीटरचा फरक आहे. तेवढा केसपेपरवर लिहा. आणि डॉपलरची, त्या शिरांच्या सोनोग्राफीची, गरज नाय असं तुमचं म्हणणं असंल तर ते बी लिहा. खाली सही करा."

"तुम्ही कोण यांच्या?"

"कुणी नाय. माझी बहीण अशीच गेली."

पेन हवेतच राहिलं. मग डॉक्टर खुर्चीतून उठले, कडूबाईंच्या पायाशी बसले आणि पाय हातात घेतला. डॉपलरची चिठ्ठी लिहिली. दुपारी रिपोर्ट आला. गाठ मांडीपर्यंत पोचली होती. डॉक्टर स्वतः बाहेर आले, तोंड पांढरंफटक. "मी आठ दिवस म्हणालो होतो," एवढंच पुटपुटले. कडूबाईंना रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू झालं. ताई बाहेर बाकावर बसल्या आणि मला नीट गुंडाळून त्यांनी पर्समध्ये ठेवलं.

आता शिवणाला दुसरी टेप आहे. मी पर्समध्येच असते. तीस ते चाळीसमधले माझे आकडे पुसट झालेत, ताई त्यांवर बॉलपेननं गिरवतात. मला मात्र अजून धक्का बसतो तो एकाच गोष्टीचा. घरोघरी माझ्यासारखी एक असते, घरातल्या बाईच्या ब्लाऊजचं माप शिंप्याला तोंडपाठ असतं, आणि तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा झालाय हे कुणी बघत नाही. माझी वाट बघू नका. दोन्ही पाय शेजारीशेजारी ठेवून नुसतं बघा. कुणी म्हणालं, होतंच असं, तर एकदा जास्त विचारा.

परवाच्या रविवारी एक नवी पोरगी आली होती. एका पायात गाठीसाठी देतात तो घट्ट पायमोजा, डोळे सुजलेले. "मी मरणार का?" तिनं विचारलं.

कडूबाई काठी टेकत तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मला बी तसंच वाटलं होतं. आजची गोळी घेतली का?"

"नाय."

"मग आधी ती घे. रडायचं मागून बघू. मी हाय इथं."

पोरीनं नाक पुसलं आणि पाण्याची बाटली उघडली.