पाच दिवसांचा अंदाज

"आकडे बदललेले दिसले, की समजायचं म्हातारा जागचा हललाय. नाही दिसले, तर दारावर थाप मार हो, पोरी."

मित्रांनो, हे शब्द माझ्यासमोर बोलले गेले. बोलणारे होते बॉयलरकाका आणि ऐकणारी होती दुसऱ्या मजल्यावरची तरुण आई. तिच्या कडेवर दीड वर्षाची चिमणी होती. आईने ते हसून उडवून लावलं. "काहीतरीच काय बोलता, काका. तुम्हाला काय धाड भरलीय?"

मी एक जुना फळा आहे. माझी उमेदीची वर्षं शाळेत गेली. किती मुलं माझ्यापुढे उभी राहून हातचा एक विसरली, त्याची गणती नाही. पुढे पांढरे गुळगुळीत फळे आले, आणि फुटक्या कोपऱ्यासकट मी मागच्या अंगणात पावसात भिजत पडलो. तिथून काकांनी मला उचललं. काळा रंग दिला, आणि इमारतीच्या जिन्याखाली, आपल्या खोलीच्या दारापासून सहा पावलांवर टांगलं.

काकांचा जन्म कारखान्यातल्या बॉयलरपुढे गेला होता. पुढे म्हातारपणी थंडीने त्यांना गाठलं. "उभं आयुष्य भाजून घेतलं, आता गारठ्याने उट्टं काढलं," असं ते म्हणत. रोज सकाळी रेडिओवर त्या दिवसापासून पाच दिवसांचं हवामान ऐकायचे, ओल्या फडक्याने मला स्वच्छ पुसायचे आणि दिवसाला एक अशा पाच ओळी लिहायचे. वार, अंश, वारा, धुकं. येणारे-जाणारे थट्टा करत, उद्या सूर्याची रजा मंजूर केलीत का म्हणून विचारत. पण मला वाचल्याशिवाय कुणी पायरी उतरत नसे. चिमणीची आई तर दोनदा वाचायची. अंश कमी दिसले की तशीच वर जाऊन आणखी एक स्वेटर घेऊन यायची. पोरीला साधी शिंक आली तरी तिचा जीव टांगणीला लागायचा.

त्या गुरुवारी काकांनी गुरुवार ते सोमवारच्या ओळी लिहिल्या. शनिवारच्या ओळीत त्यांनी 'एक अंश' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग आपला कोट घेऊन समोरच्या शिंप्याकडे गेले, आतून जाड अस्तर लावायला.

शुक्रवारी सकाळी दाराआड काहीतरी जड पडल्याचा आवाज मी ऐकला. एकदा 'आई गं' असंही ऐकलं. पण फळ्याला कुठलं आलंय तोंड? दुसरा जे लिहील, तेवढंच मी बोलतो.

थोड्या वेळाने चिमणीची आई खाली आली. गुरुवारची ओळ अजून तशीच पाहून ती थबकली. बाहेर नवरा स्कूटर सुरू करून उभा होता. काकांनी आज पुसलेलं नाही, असं तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, पाच दिवसांचं एकदम लिहिलंय की, एवढ्या गारठ्यात रोज कशाला उठतील? बोलणं पटण्यासारखंच होतं. शुक्रवारचा आकडा तिथे होताच. जुनी ओळ तेवढी डोळ्यांना खुपत होती. तिने चिमणीचा ओला रुमाल घेतला आणि गुरुवार पुसून टाकला. म्हाताऱ्याचे तेवढेच कष्ट वाचतील, असं तिला वाटलं. शनिवारी तिने शुक्रवारही पुसला.

मित्रांनो, मला एवढ्या मायेने क्वचितच कुणी पुसलं असेल. आणि तेच भोवलं.

शनिवारी दुपारी शिंपी कोट घेऊन आला. दाराकडे वळला, तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली. जुन्या ओळी पुसलेल्या. म्हणजे काका सकाळी उठून फळा पुसून गेले, आता आडवे झाले असतील, झोपमोड नको, असं स्वतःशी पुटपुटत त्याने कोट माझ्याशेजारच्या खिळ्याला अडकवला आणि तो निघून गेला. कोट इकडे, काका तिकडे. मध्ये सहा पावलं.

रविवारच्या ओळीत दाट धुकं लिहिलेलं होतं आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. चिमणीची आई माझ्यापुढे उभी राहिली. अंदाज चुकला तर काका ओशाळून लगेच दुरुस्त करायचे. चूक तशीच ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. तिची नजर खिळ्यावरच्या कोटाकडे गेली. तिने दार बडवलं. मग नवऱ्याला हाका मारल्या.

कडी तोडावी लागली. काका पलंगाशेजारी फरशीवर होते. मुठीत खडू होता. रेडिओ अगदी बारीक आवाजात चालूच होता.

डॉक्टरांनी सांगितलं, शुक्रवारी पडले, मांडीचं हाड मोडलं, उठता आलं नाही. शनिवारी दुपारपर्यंत तरी धुगधुगी असावी. समोरून शिंपीही धावत आला होता. फळा पुसलेला दिसला म्हणून परत गेलो, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. चिमणीच्या आईने हातातल्या रुमालाकडे पाहिलं. "मी पुसला," ती म्हणाली. कुणी तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तिचा चेहरा सांगत होता.

महिनाभर मी कोरा होतो. आता तीच लिहिते. पण एकाच दिवसाचं. पुढच्या दिवसांचं का नाही, म्हणून लोक कुरकुरतात. "उद्याचं उद्या," ती म्हणते. "म्हणजे रोज खाली यावं लागतं."

त्या खोलीत आता एक आजी राहायला आल्या आहेत. त्याही एकट्याच. आज चिमणीच्या आईने आकडा लिहिला, दोन अंश, आणि खाली माझ्या फुटक्या कोपऱ्यापर्यंत दाटीवाटीने एवढं लिहिलं:

'वाचलंत? आता सहा पावलं चाला आणि आजींच्या दारावर थाप मारा. आतून ओ येईपर्यंत थांबा. मी सकाळी मारली असली, तरीही मारा.'